वाचक विचारतात : मुलांचं वजन, मैदान आणि पाच वाजताची भूक

मुलांच्या वाढत्या वजनाबद्दल आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं अर्थातच गाळलीत.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. उंची १३० सेंमी, वजन ३६ किलो. सासूबाई म्हणतात, अंगानं भरलेला आहे, उंची सुटली की आपोआप सडसडीत होईल. डॉक्टर म्हणतात, वजन जास्त आहे. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढला तर २१.३ येतो आणि तक्त्यात तो ‘नॉर्मल’ दिसतो. मग काय खरं धरायचं? (पुणे)

उत्तर : डॉक्टरांचं. तुम्ही पाहिलेला तक्ता मोठ्यांचा आहे. मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे बदलतो, त्यामुळे तो आलेखावरच वाचावा लागतो. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे (आयएपी) २०१५चे आलेख वापरतात. पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्यावरच्या दोन रेषा महत्त्वाच्या : अठराव्या वर्षी जी २३ला पोचते ती जादा वजनाची, जी २७ला पोचते ती लठ्ठपणाची. त्याच रेषा नवव्या वर्षी बऱ्याच खाली असतात, आणि तुमच्या मुलाचे २१.३ पहिल्या रेषेच्या खूपच वर जातात. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे वेगळे आलेख आहेत.

सासूबाईंचं म्हणणं मात्र अगदीच टाकाऊ नाही. या वयात उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंमी वाढते. वर्षभरात उंची १३६ झाली आणि वजन ३६ वरच राहिलं, तर बीएमआय २१.३ वरून १९.५ वर येतो. म्हणजे एक किलोही न घटवता बरंच काम होतं. अडचण ‘आपोआप’ या शब्दाची आहे. काही न बदलता वर्ष गेलं तर उंचीबरोबर वजनही चार-पाच किलोंनी वाढलेलं असतं आणि आकडा जिथल्या तिथे, नाहीतर वर.

मोजमाप घरी करणार असाल तर नीट करा. उंची सकाळी मोजा, संध्याकाळपर्यंत ती थोडी कमी भरते. बूट-मोजे काढून टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्यावर पेन्सिल आडवी धरू नका, ती तिरकी होते. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवून खूण करा. एका सेंटीमीटरची चूक या वयात बीएमआय ०.३ नं हलवते. वजनकाटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. वजन महिन्यातून एकदा, उंची तीन महिन्यांतून एकदा पुरे. रोज काट्यावर उभं केलं की मूल काट्याला घाबरायला लागतं, आणि रोजच्या चढउताराला तसाही काही अर्थ नसतो.

काटा नसला तर दोऱ्यानं काम भागतं. मुलाच्या उंचीएवढा दोरा कापा, दुमडून अर्धा करा आणि शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाभोवती गुंडाळा. श्वास सोडलेला असू द्या. टोकं सहज जुळली तर ठीक. जुळत नसतील तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि पोटावरची चरबी हीच जास्त त्रासाची. ही चाचणी पाच वर्षांच्या पुढेच करायची.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, वजन ३५ किलो. आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास क्रिकेटच्या कोचिंगला जाते, तरी वर्षभरात वजन वाढतच आहे. एवढं खेळून असं का? (नाशिक)

उत्तर : एकदा घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला बसा. ती धावते आहे, उड्या मारते आहे, धापा टाकते आहे, एवढीच मिनिटं मोजा. नेटमध्ये फलंदाजीची पाळी यायला थांबणं, गोलंदाजीच्या रांगेत उभं राहणं, सरांचं बोलणं ऐकणं, पॅड बांधणं हे सगळं वजा करा. दोन तासांतून पंचवीस-तीस मिनिटं उरली तर आश्चर्य मानू नका. यात क्रिकेटचा दोष नाही. कोचिंग कौशल्यासाठी असतं, दमवण्यासाठी नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०चा निकष असा : पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, आणि त्यातून आठवड्यात किमान तीन दिवस खूप दमवणारे आणि हाडं-स्नायू बळकट करणारे प्रकार हवेत. ओळखायचं कसं? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम हालचाल. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ती जोरकस. ही ६० मिनिटं सलग असायला हवीत असं नाही, तुकड्यांतुकड्यांनी झाली तरी मोजली जातात.

दुसरी गळती मैदानाबाहेर असते. ३५ किलोच्या मुलीनं अर्धा तास चांगलं धावून खेळलं तर साधारण शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. परतताना ‘दमलीस ना’ म्हणून घेऊन दिलेला वडापाव अडीचशे-तीनशेचा, आणि ३०० मिलीची कोलाची बाटली सव्वाशेच्या आसपास. ‘खेळाडूंचं पेय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अर्धा लिटरच्या बाटलीतही साधारण ३० ग्रॅम साखर असू शकते. तासाभराच्या खेळाला साधं पाणी पुरतं. ऊन फार असेल तर मीठ घातलेलं ताक किंवा बिनसाखरेचं लिंबूपाणी.

कोचिंग चालू ठेवा, तिला आवडत असेल तर नक्कीच. उरलेल्या चार दिवसांत सोसायटीतल्या मुलांबरोबर पाऊण-एक तासाचा मोकळा खेळ हवा, आणि इथे खेळाची निवड महत्त्वाची. ज्या खेळात बाद झालेला बाहेर बसतो, त्यात जड मूल सर्वांत आधी बाद होतं आणि सर्वांत जास्त वेळ कट्ट्यावर बसतं, म्हणजे ज्याला हालचालीची गरज जास्त त्यालाच ती कमी मिळते. साखळी त्या दृष्टीनं फार चांगला खेळ : पकडला गेलेला साखळीत जोडला जातो आणि धावतच राहतो. विषामृतात ‘विष’ मिळालेल्याला कुणीतरी अमृत देऊन सोडवतो, तोही खेळात परत येतो. डॉजबॉल खेळत असतील तर नियम बदला : बाद झालेल्यानं दहा उड्या मारून परत आत यायचं. लगोरीला दहा-बारा मुलं असतील तर दोन चेंडू आणि दोन लगोऱ्या मांडा, म्हणजे निम्मी मुलं नुसती बघत राहत नाहीत.

प्रश्न : नात पाच वर्षांची आहे. तीन वर्षांची असताना गोबरी होती, आता बरगड्या दिसतात. सून म्हणते ठीक आहे. मी तिला दुधात साय घालून, मोबाइल दाखवून दोन घास जास्त भरवते. चुकतंय का? (कोल्हापूर)

उत्तर : आजी, सूनबाईंचं बरोबर आहे. पहिल्या वर्षात बीएमआय वाढतो, मग कमी होत जातो आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत खाली असतो. त्यानंतर तो पुन्हा चढू लागतो. म्हणजे पाचव्या वर्षी मूल काटकुळं दिसणं हे बहुतेक वेळा वाढीचंच लक्षण. उलट हा चढ पाचच्या आधीच सुरू झाला, तर पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त असतो. नातीची उंची नेमानं वाढत असेल आणि ती दिवसभर हुंदडत असेल तर काळजी नको.

मोबाइल दाखवून भरवणं मात्र थांबवा. पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही, आणि पुढे दहाव्या वर्षीही पडदा लागला की तोंड चालू होतं. काय वाढायचं आणि कधी वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते तिनं. दूध दिवसाला ४०० मिलीच्या आसपास ठेवा. दुधानंच पोट भरलं की भाजी-पोळी मागे पडते आणि रक्तातलं लोह कमी होतं.

प्रश्न : शाळेचा डबा अगदी व्यवस्थित असतो, तळलेलं देत नाही. पण संध्याकाळी घरी आल्यावर बिस्किटं, चिप्स, नूडल्स असं काही ना काही खात राहतो आणि रात्री जेवत नाही. दूध मात्र दोन वेळा पावडर घालून घेतो. (ठाणे, छत्रपती संभाजीनगर, बेळगाव येथून आलेली पत्रं)

उत्तर : सर्वांत जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत. बहुतेक घरांत गडबड डब्यात नसते, संध्याकाळी पाचला असते.

साडेदहाच्या सुट्टीत डबा, दीडला घरी येऊन घाईत दोन घास, मग क्लास. पाचला पोरगं खरंच भुकेलेलं असतं. हट्ट नाही, भूक आहे. त्या वेळी डब्यात बिस्किटं आहेत आणि थालीपीठ लावायला वीस मिनिटं आहेत, तर बिस्किटंच जिंकणार. बिस्किटांनी तासाभरात पुन्हा भूक लागते, मग चिप्स. ५० ग्रॅमच्या चिप्सच्या पाकिटात पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, साधारण पावणेतीन पोळ्यांएवढ्या, पण पोट भरत नाही. साडेआठला जेवायला बसल्यावर भूक मेलेली, आणि दहाला पुन्हा ‘काहीतरी दे’.

म्हणून पाचचं खाणं ‘मधलं’ न मानता छोटं जेवण माना आणि त्याची तयारी सकाळीच करून ठेवा. भाजणीचा गोळा मळून फ्रीजमध्ये ठेवला तर थालीपीठ पाच मिनिटांत तव्यावर जातं. सोबत वाटीभर दही. मोड आलेले मूग किंवा मटकी वाफवून ठेवली की कांदा-टोमॅटो-लिंबू घालून भेळेसारखी खाता येते, वर मूठभर कुरमुरे चालतील. पोहे करायचे तर निम्मे पोहे आणि निम्मे मटार-गाजर-शेंगदाणे असं प्रमाण ठेवा. उकडलेलं अंडं आणि केळं, नाचणीचं धिरडं, मूठभर भाजलेले चणे आणि एक फळ हेही चालतं. फळ चिरून द्या, रस काढून नको. एक ग्लास रसाला तीन-चार संत्री लागतात, चिरून एवढी कुणी खात नाही, आणि चोथ्याबरोबर पोट भरणारा भागही जातो.

पाकिटं घरात आणून उंच फडताळात लपवणं हा उपाय नाही. मुलांना फडताळ सापडतंच, आणि लपवलेली गोष्ट जास्त चविष्ट लागते. आणूच नका, किंवा रविवारी एक छोटं पाकीट सर्वांनी मिळून खा. सर्वांनी म्हणजे बाबांनीसुद्धा. मुलाला काकडी आणि टीव्हीसमोर बाबांना फरसाण, हे कुठल्याच घरात टिकत नाही.

आता दुधातली पावडर. या पावडरींपैकी अनेकांत तिसरा हिस्सा साखर असते. २० ग्रॅम पावडरीतून सहा-सात ग्रॅम, वरून घरची दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम. एका कपात सोळा-सतरा, दोन कपांत तेहेतीसच्या आसपास. दिवसभराची वरून घातलेली साखर मुलांसाठी २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे बाकी काही गोड न खाताच मर्यादा ओलांडली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितलं, ते उगीच नव्हे. एकदम बंद केली तर मूल दूधच सोडेल. पावडर आणि साखर दोन्ही दर आठवड्याला अर्ध्या-अर्ध्या चमच्यानं कमी करा. महिन्या-दीड महिन्यात साधं किंवा चिमूटभर वेलची घातलेलं दूध चालायला लागतं.

पाकिटाच्या मागचा तक्ता वाचायची सवय लावा. दर १०० ग्रॅममागे साखर किती ते बघून पाचनं भागा, तेवढे चमचे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या बिस्किटात पहिला घटक मैदा असेल तर समोरचं नाव विसरा. तेलाचं माप सोपं आहे : माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर लागत असेल, तर डबा कितीही व्यवस्थित दिसला तरी तो व्यवस्थित नाही.

प्रश्न : शाळेच्या कँटीनमध्ये समोसा, वेफर्स, कोल्ड्रिंक मिळतं. पालक काही करू शकतात का?

उत्तर : हो. महाराष्ट्रात मे २०१७ च्या शासननिर्णयानं शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकायला बंदी आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या नियमांप्रमाणे चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. सीबीएसईनं मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. शिक्षक-पालक संघाच्या सभेत तोंडी तक्रार करण्याऐवजी या तीन गोष्टींचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटायचं आपणही बंद करा.

प्रश्न : आमची दोन खोल्यांची जागा, खाली मुलांना ‘खेळण्यास मनाई’चा फलक, वर चार महिने पाऊस. मुलाला हलवायचं कुठे? (डोंबिवली)

उत्तर : त्या फलकाचा विषय सोसायटीच्या सभेत काढाच, गाड्यांना जागा आहे आणि मुलांना नाही, हा काही निसर्गनियम नव्हे. तोवर घरात दहा-दहा मिनिटांचे तीन-चार तुकडे करा. तीन गाण्यांवर नाच, सर्वांनी मिळून. फुगा जमिनीला टेकू न देण्याचा खेळ, जागा लागत नाही आणि काही फुटतही नाही. बारा सूर्यनमस्कार संथ नाही, जरा वेगानं. जिने चढणं उत्तम, पण जड मुलाला उतरताना गुडघ्यांवर भार येतो, म्हणून चढताना जिना आणि उतरताना लिफ्ट.

दोरीच्या उड्या स्वस्त आणि जोरकस, पण बहुतेक जण पहिल्याच दिवशी शंभर मारायला लावतात आणि तिसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखून दोरी खुंटीला लागते. दोरीच्या मध्यावर उभं राहिल्यावर मुठी काखेपर्यंत याव्यात, एवढीच लांबी. बूट घालून, रबरी चटईवर. नुसत्या फरशीवर नको. पहिला आठवडा २० सेकंद उड्या, ४० सेकंद विश्रांती, असं दहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात ३०-३०. उडी दोन इंचांची पुरे. वजन खूपच जास्त असेल तर आधी महिनाभर झपझप चालणं, सायकल किंवा पोहणं, मग दोरी.

प्रश्न : आठ वर्षांचा मुलगा रात्री अकराच्या आधी झोपत नाही. याचा वजनाशी संबंध असतो का? (सोलापूर)

उत्तर : थेट असतो. झोप कमी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं, तृप्तीचं कमी होतं, आणि दमलेलं मूल संध्याकाळी खेळण्याऐवजी लोळतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, त्यामागेही अपुऱ्या झोपेचंच कारण होतं.

हिशेब उलटा मांडा. सहाला उठायचं तर साडेआठला अंथरुणात. म्हणजे मुलाचं जेवण साडेसातला, आणि बाबा साडेनऊला येत असतील तर त्यांच्यासाठी त्याला जागवायचं नाही. झोपण्याआधी तासभर सगळे पडदे बंद, मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. मोठ्ठ्यानं घोरत असेल, झोपेत श्वास अडल्यासारखा वाटत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलीची मान काळी पडलीय. डाळीचं पीठ, लिंबू, दगड सगळं घासून झालं. वजनही जास्त आहे. थायरॉइड असेल का? (अकोला)

उत्तर : घासणं आजपासून बंद. ओल्या फडक्यानं पुसून बघा : मळ असेल तर फडक्यावर येईल. रंग तसाच राहिला, त्वचा जाडसर आणि मखमलीसारखी लागली, काखेतही तसंच असलं, तर ते रक्तात इन्शुलिन वाढल्याचं लक्षण आहे. लिंबानं त्वचा भाजेल, रंग जाणार नाही. वजनाला आळा बसला की तो काही महिन्यांत हळूहळू फिका होतो. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), यकृतासाठी एसजीपीटी, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या.

थायरॉइडबद्दल : तिची उंची बघा. जास्त खाणं आणि कमी हालचाल यांमुळे वजन वाढलेली मुलं सहसा वयाच्या मानानं उंच असतात. वजन वाढतंय पण उंची खुंटली आहे, असं असेल तर ग्रंथींच्या आजाराची शंका घ्यावी आणि लगेच तपासावं. उंची चांगली असताना थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच थोडासा वाढलेला आला, तर तो बहुतेकदा वजनाचा परिणाम असतो, कारण नव्हे.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची. इंटरनेटवर बघून रात्रीचं जेवण आणि पोळी सोडलीय. वजन कमी होतंय, तर चालू द्यावं का? (पणजी)

उत्तर : नाही. या वयात हाडं भरत असतात आणि पाळीमुळे लोह जात असतं. जेवण सोडून घटलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि परीक्षा आली की सगळं दुपटीनं परत येतं. पोळी-भात ठेवा, ताटाचा निम्मा भाग भाजी-कोशिंबिरीचा करा, डाळ, उसळ, मासे किंवा अंडं दोन्ही वेळेला. पाळी चुकायला लागली, जेवणानंतर ती बराच वेळ बाथरूममध्ये राहायला लागली, तर आहारतज्ज्ञाआधी डॉक्टर गाठा. आणि घरात तिला कुणी ‘जाडे’ म्हणून हाक मारत असेल, तर आधी ते थांबवा.

प्रश्न : बारा वर्षांचा मुलगा, वजन ६८ किलो. धावायला लावल्यापासून डावा गुडघा दुखतो, लंगडतो. गुडघ्याच्या एक्स-रेत काही नाही. सवय नाही म्हणून दुखतंय, धावत राहिला की जाईल, असं त्याचे सर म्हणतात. (नागपूर)

उत्तर : धावणं आत्ताच थांबवा. जास्त वजनाच्या, दहा ते पंधरा वर्षांच्या मुलात लंगडणं आणि गुडघा किंवा मांडी दुखणं याचं मूळ खुब्यात असू शकतं : मांडीच्या हाडाचं गोल टोक वाढीच्या थरावरून घसरतं, आणि दुखणं मात्र गुडघ्यात जाणवतं. म्हणून गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो. चालत राहिल्यास टोक आणखी घसरतं, खुबा कायमचा निकामी होऊ शकतो. त्याला पायावर भार देऊ न देता आजच अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या आणि दोन्ही खुब्यांचा, समोरून आणि पाय बाहेर वळवून असा दोन बाजूंनी एक्स-रे काढायला सांगा. तेच निघालं तर शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवतात. काही निघालं नाही, तर डॉक्टरांच्या परवानगीनं पोहणं किंवा सायकलपासून सुरुवात करता येईल. नागपूरचा उन्हाळा लक्षात घेता सायकल सकाळी साडेसातच्या आत.